सत्काराची शाल आणि श्रमाचे मोल

(तालुक्याच्या गावी एका नागरी संस्थेच्या वार्षिक पुरस्कार-वितरण समारंभात प्रमुख पाहुणे म्हणून केलेल्या भाषणाचा मुख्य भाग.)



आज या व्यासपीठावर तीन सत्कार झाले. एक गावोगाव आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंचा, एक बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचा आणि एक नगरपालिकेच्या माजी सदस्यांचा. स्वयंसेवा, व्यवसाय आणि लोकप्रतिनिधित्व या तिन्ही क्षेत्रांतील कर्तृत्वाची गावाने दखल घ्यावी, ही कल्पना चांगलीच आहे. सत्कारमूर्तींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु पाहुण्याने केवळ गोड बोलावे असा काही नियम नाही. म्हणून समारंभापूर्वी घडलेला एक लहानसा प्रसंग सांगतो आणि त्यातून जे विचार मनात आले ते आपल्यापुढे ठेवतो.

आत बसलो असताना आशाताईंना मी म्हणालो, "ताई, आज गावाला तुमचा अभिमान वाटतो आहे." त्या हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आनंद आहेच सर, पण तीन महिन्यांचं मानधन अजून जमा नाही झालं. दुकानदार उधारीच्या वहीत मानपत्र लिहून घेत नाही." त्यांची परवानगी घेऊनच मी हे येथे सांगत आहे.

मित्रहो, 'मानधन' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात मान आहे आणि धनही आहे. पण काम करणाऱ्याच्या पदरात मान भरभरून घालायचा आणि धनाच्या वेळी हात आखडायचा, अशी आपल्या सार्वजनिक व्यवहाराची रीत होऊन बसली आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा आशांची नेमणूक 'स्वयंसेविका' म्हणून झाली. बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, क्षयरोग्याला औषध पोचवणे, घरोघर पाहणी करणे, ही कामे सरकारने नेमून द्यायची, त्यांचा हिशेब सरकारने घ्यायचा, आणि वेतनाची गोष्ट निघाली की सांगायचे, "तुम्ही नोकर नाही, तुम्ही सेवा करता!"

२२ मार्च २०२० रोजी देशाने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन ताप मोजण्याच्या कामात आशा पुढे होत्या. जून २०२१ मध्ये याच राज्यातील सुमारे ७० हजार आशांना संपावर जावे लागले. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला, तेव्हा अभिनंदनाचे संदेश दिल्लीपासून गल्लीपर्यंत फिरले. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच आशा पुन्हा संपावर होत्या, फेब्रुवारीत त्या आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यानंतर राज्य शासनाने मानधनात ५ हजार रुपयांची वाढ मान्य केली. ही वाढ कोणत्या पुरस्काराने मिळाली? ती संघटनेने आणि संपाने मिळाली, हे आपण विसरू नये.

त्यांची मागणी अवाजवी आहे असेही कोणी म्हणू नये. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे, त्यांना किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस २०१३ साली ४५व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही त्या परिषदेत असतात. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीने वेतनच होय. शब्द बदलल्याने श्रमाचे स्वरूप बदलत नाही, एवढाच याचा अर्थ. तो निर्णय आशांना आपोआप लागू झालेला नाही, पण त्यामागचा न्याय त्यांच्या दारापाशी येऊन थांबला आहे.

आता दुसऱ्या सत्काराकडे वळतो. व्यापाऱ्याने पाणपोई बांधली, शाळेला बाके दिली, हे स्तुत्यच आहे. पण दानशूरपणा मोजण्यापूर्वी देणे मोजले पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. जेथे तो लागू आहे, तेथे हमालाच्या मजुरीबरोबर लेव्हीही मंडळाकडे भरली जाते आणि त्यातून त्याला भविष्यनिर्वाह निधी, रजा व औषधोपचार मिळतात. तो कायदा उपकार म्हणून आलेला नाही. पाठीवर शंभर किलोचे पोते वाहणाऱ्यांनी संघटित होऊन तो मिळवला आहे. तेव्हा व्यवसायाचा पुरस्कार देताना पहिला प्रश्न असा विचारावा: याच्या दुकानात, गोदामात, कारखान्यात काम करणाऱ्यांना किमान वेतन मिळते काय? लेव्ही वेळेवर भरली जाते काय? मजुराच्या घामातून राखून ठेवलेल्या पैशाने बांधलेल्या पाणपोईवर त्याच मजुराने ओंजळ धरावी आणि दात्याचे नाव वाचावे, यास मी दान म्हणणार नाही. आजच्या सत्कारमूर्तींविषयी हा आरोप नाही. त्यांनी आपली हजेरीपुस्तके अभिमानाने दाखवावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे.

तिसरा सत्कार लोकप्रतिनिधीचा. येथे मला जोतीराव फुले आठवतात. आज आपण ज्या तीन विभागांत पुरस्कार दिले, त्या तिन्हींत बसेल असा हा माणूस. मुलींच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या शाळा काढणारा कार्यकर्ता, बांधकामाची कंत्राटे घेणारा व्यावसायिक आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचा सदस्य. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा सभागृहात विरोध करणारे ते एकटेच होते. लोकांचा पैसा कमानींवर उधळू नये, तो गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती. नगरसेवकाच्या पुरस्कारासाठी याहून चांगली कसोटी मला सुचत नाही: सभागृहात एकटे पडण्याची वेळ आली, तेव्हा तुमचा हात कोणत्या बाजूला वर गेला?

जोतीरावांचेही सत्कार झाले होते. १८५२ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांच्या शैक्षणिक कार्याबद्दल त्यांना शालजोडी दिली. ती त्यांनी स्वीकारली. पण शाल खांद्यावर घेतली, तोंडावर ओढून घेतली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सरकारला बजावले, की शेतकऱ्यांच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आहे. आणि ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटले. सरकारी शालजोडी आज किती जणांना आठवते? लोकांनी दिलेला शब्द मात्र नावाचाच भाग होऊन गेला.

याच काळात इंग्रज सरकार सावकार, व्यापारी, नगरपालिकेचे सभासद यांना रावसाहेब, रावबहादूर असे किताब वाटत होते. माणसे आपल्या बाजूला बांधून ठेवण्याचा तो स्वस्त उपाय होता. म्हणूनच १९२०च्या असहकाराच्या कार्यक्रमात किताब परत करणे हे कलम होते आणि स्वतंत्र भारताच्या घटनेतील १८व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९६९ साली आचार्य कृपलानींनी सरकारी अलंकरणे बंद करण्याचे विधेयक लोकसभेत मांडले. जनता सरकारने १९७७ साली ती थांबवली, १९८० साली ती पुन्हा सुरू झाली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कार घटनाबाह्य नाहीत असे म्हटले, पण ते नावापुढे वा नावामागे लावू नयेत असेही स्पष्ट केले. आपल्या गावातील चौकाचौकांत लागलेले फलक वाचले, म्हणजे 'समाजभूषण' आणि 'उद्योगरत्न' यांनी रावबहादुरांची रिकामी जागा भरून काढली आहे, असे वाटू लागते.

मग पुरस्कार बंद करावेत काय? मी तसे म्हणत नाही. ज्यांच्या कामाकडे कोणी पाहत नाही त्यांच्याकडे गावाचे लक्ष वेधणे, हा पुरस्काराचा खरा उपयोग आहे. मात्र संयोजकांपुढे तीन सूचना ठेवतो. निवड करणाऱ्या समितीत हमाल, सफाई कामगार, शेतमजूर स्त्रिया यांना जागा द्यावी आणि ज्याच्या देणगीतून समारंभ होतो त्याला त्या वर्षी पुरस्कार देऊ नये. व्यावसायिकाची निवड करण्यापूर्वी त्याच्या कामगारांना विचारावे. आणि ज्या कष्टकऱ्याचा सत्कार कराल, त्याच्या हक्काचा एक ठराव त्याच सभेत मंजूर करून संबंधित कचेरीकडे पाठवावा, त्याचा पाठपुरावा पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून सांगावा.

आरंभ आजच करता येईल. आशाताईंचे थकलेले मानधन तातडीने द्यावे आणि आशांना कामगाराचा दर्जा मिळावा, असा ठराव मी या सभेपुढे मांडतो. अध्यक्षमहाराजांनी तो मतास टाकावा. ज्यांनी मघाशी टाळ्या वाजवल्या, त्यांनी आता हात वर करावेत. इतके बोलून मी माझे भाषण संपवतो.