घराण्यातली साखर

(चेन्नईतील मैलापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)

मंडळी, न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय ज्या मैलापुरात आहे, तिथे मराठीतून बोलायला मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. विषय घरातलाच घेतला आहे. "आमच्या घराण्यातच साखर आहे," असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण घराण्यातून नेमके येते काय?

मधुमेहाचे, म्हणजे नेहमीच्या टाइप २ मधुमेहाचे, एकच एक जनुक नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली गणिताने दाखवून दिले होते, की उंचीसारखा गुण पुष्कळ जनुकांच्या बारीक बारीक परिणामांच्या बेरजेतून घडू शकतो. मधुमेहाचेही तसेच आहे. त्यातले सर्वांत ठळक जनुक टीसीएफ७एल२. पुण्याच्या रुग्णांतही त्याचा संबंध २००७ साली दिसला. तरी त्याच्या जोखीम वाढवणाऱ्या रूपाच्या एका प्रतीने धोका दीडपटीच्याच आसपास जातो.

बेरजेने सगळे उलगडत नाही. एफटीओ हे जनुक युरोपीय लोकांत वजन वाढवते आणि त्या वाटेने मधुमेह आणते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडे तपासले, तर मधुमेहाशी नाते होते, पण ते केवळ वजनामार्फत नव्हते. इथे चेन्नईत झालेल्या अभ्यासात त्याच जनुकाचा लठ्ठपणावरचा परिणाम बैठ्या आणि पिष्टमय पदार्थ भरपूर खाणाऱ्यांत अधिक आढळला.

आपला देहच वेगळा घडलेला आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! याचा माग काढताना संशोधक गर्भापर्यंत पोचले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळाला आईची जनुके मिळतात, तसे तिचे पोषण किंवा कुपोषणही मिळते. म्हणून रोगाचा सारा भार रक्तावर टाकणे चूक आहे, आणि सुनेच्या माहेरावर टाकणे तर अन्यायच आहे.

आता थुंकीच्या नमुन्यावरून रोगांचे भाकीत करणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. त्यांमागची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे आपल्याबाबत त्यांचा अंदाज कच्चा पडतो. अशा चाचणीला पत्रिका मानून लग्ने मोडू नका.

घरात मधुमेह असेल तर तिशीपासून रक्तातली साखर तपासत जा. मुलींच्या ताटात डाळ, दूध, भाजी मुलांइतकीच वाढा. आणि एखादा संशोधक रक्ताचा नमुना मागायला आला, तर त्याला सगळे नीट विचारा, समजून घ्या, आणि पटले तर जरूर द्या. आपल्या लोकांची माहिती आपल्याखेरीज दुसरे कोण देणार?