मालट्रकवरील वजनाची मर्यादा आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी असे विषय आपण दरवर्षी ऐकत आलो आहोत. त्यांच्या पंक्तीस मालट्रकवरील वजनाची मर्यादा हा रुक्ष विषय आम्ही का आणून बसवावा, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर या सभागृहातच बसलेले आहे. येथे ट्रकचे मालक आहेत, अडतीचे व्यापारी आहेत, ऊस पिकविणारे शेतकरी आहेत, आणि ज्यांची मुले रात्री-अपरात्री घाट ओलांडून माल पोचवितात असे आईबापही आहेत. गाडीत किती माल चढवावयाचा, हे यांपैकीच कोणी तरी ठरवीत असतो. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे, अशी आमची धारणा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ११३ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन रस्त्यावर चालविता येत नाही. हे एकूण वजन मालाचे एकट्याचे नसते. गाडी, माल, डिझेल, चालक आणि क्लीनर या सर्वांचे मिळून ते धरावयाचे असते. याखेरीज प्रत्येक आसावर, म्हणजे आपले ड्रायव्हर ज्याला एक्सल म्हणतात त्यावर, किती भार यावा याचीही निराळी मर्यादा आहे. २०१८ साली केंद्र सरकारने या मर्यादा वाढविल्या. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, जोडआसाची १९ वरून २१ टन झाली, दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले, आणि सर्वांत मोठ्या जोडवाहनांची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन करण्यात आली. मात्र कोणत्याही गाडीस लागू पडतो तो तिच्या स्वतःच्या नोंदणीपत्रातील आकडा. शेजाऱ्याच्या नव्या गाडीचे पासिंग अधिक आहे, एवढ्यावरून आपल्या जुन्या गाडीत तितका माल भरता येत नाही.

हे आकडे अधिकाऱ्यांच्या लहरीने ठरतात, असा एक समज आपल्यात रूढ आहे. तो दूर होणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक अहोरात्र चालविण्यात आले आणि रस्त्याची झीज मोजण्यात आली. त्यातून जो ढोबळ नियम हाती आला, तो असा की, आसावरील भार जितका पट वाढतो त्याच्या चौथ्या घाताइतकी झीज वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. रस्त्याच्या घडणीप्रमाणे हा आकडा थोडाफार बदलतो. परंतु मूळ गोष्ट बदलत नाही. रस्त्याचा आराखडा करताना अभियंते ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. त्याच्याशी तुलना केली तर ११.५ टनांचा पूर्ण कायदेशीर आस एका फेरीत जवळजवळ चार प्रमाण आसांइतकी झीज करतो. त्याच आसावर आपण १५ टन लादले, तर भार शेकडा ३० ने वाढतो. झीज मात्र कायदेशीर भाराच्या जवळजवळ तिप्पट होते. जास्त भरले की फेऱ्या कमी होतात, असे समर्थन आम्ही अनेकदा ऐकले आहे. फेऱ्या कमी होतात हे खरे. पण वाचलेल्या फेऱ्यांपेक्षा वाढलेली झीज कितीतरी अधिक असते. पावसाळ्यात खालचा मातीचा थर भिजून मऊ झाला, म्हणजे तोच भार रस्त्यास अधिकच जाचतो. गावाच्या रस्त्यावरील खड्ड्यांबद्दल आपण ठेकेदारास बोल लावतो, आणि तो पुष्कळदा यथार्थही असतो. परंतु त्या खड्ड्यांत आपल्या काट्यावरून गेलेल्या मालाचाही वाटा आहे.

रस्ता खचतो तो हळूहळू, आणि डोळ्यांस दिसत दिसत. पुलाचे तसे नाही. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्षपद बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी भूषविले होते. त्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. पूल किती भारासाठी बांधावयाचा, याची प्रमाणे हीच संस्था ठरविते. तिच्या 'अ' वर्गाच्या प्रमाणात ५५.४ टनांची वाहनमाला गृहीत धरलेली असते, तर '७०-आर' या वर्गात चाकांच्या वाहनासाठी १०० टनांपर्यंतचा भार धरतात. यातही केवळ बेरीज पाहून भागत नाही; तो भार किती अंतरात पसरला आहे, हे पाहावे लागते. ११.५ टनांचे दोन आस मिळून २३ टन होतात. तरी जोडआसास २१ टनच मिळतात, याचे कारण हेच आहे. दोन्ही आस जवळजवळ असल्याने त्यांचा ताण एकाच ठिकाणी एकवटतो. त्यातून दोन भरलेले ट्रक एकामागोमाग एकाच गाळ्यावर आले, तर तो ताण केवढा होत असेल, याची कल्पना करावी.

आपल्या प्रांतातील पुष्कळ पूल ही प्रमाणे ठरण्यापूर्वीचे आहेत. मुंबईतील कर्नाक पूल १८६८ सालचा होता. २०१४ साली त्यावरून अवजड वाहनांस बंदी करावी लागली आणि २०२२ साली तो पाडण्यात आला; त्याच्या जागी उभारलेला नवा पूल २०२५ साली खुला झाला. महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. तो पूल वजनाने नव्हे, महापुराने गेला, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरीही त्यापासून घेण्याजोगा बोध आहे: पुराचे पाणी पायाखालची माती कुरतडीत असते आणि वरून जाणाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. अशा दुबळ्या झालेल्या पुलावर आपण जादा भार घालतो, तेव्हा आपल्या हाती कसलाही हिशेब नसतो. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचे प्राण गेले. तो धोकादायक ठरलेला होता, आणि तरीही त्या वेळी त्यावर पर्यटकांची दाटी झालेली होती. पुलाच्या तोंडाशी लावलेला फलक वाचूनही पुढे जाण्याची आपली सवय अशी महाग पडते.

आता हा नियम मोडला म्हणजे कोणास काय भोगावे लागते, ते पाहू. १९४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून जादा वजनास २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. चार टन जादा निघाले तर २८,००० रुपये झाले. माल उतरविण्याचा खर्च निराळा. जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. काही राज्यांत पैसे भरून जादा माल नेण्याची मुभा देणारी कार्डे दिली जात असत. परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती पद्धत बेकायदा ठरविली. आणखी एक तरतूद मालकांनी ध्यानात ठेवावी. चालकाने मर्यादा मोडली, तर ती मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने मोडली असे गृहीत धरण्याचा अधिकार न्यायालयास ११३ व्या कलमानेच दिलेला आहे.

परंतु दंडापेक्षा मोठी किंमत चालक देतो. वजन वाढले की गाडी थांबविण्यास लागणारी शक्ती त्याच प्रमाणात वाढते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. पाटे वाढवून घेतले आणि हौद्यास फळ्या जोडल्या, म्हणजे माल मावतो. ब्रेक मात्र कारखान्यातून आले तेवढेच राहतात. जादा टनाचे भाडे ज्याच्या खिशात जात नाही, तोच त्या टनाखाली सापडतो.

मग लहान मालक हे का करतो? तो दुष्ट नाही, हे आम्ही जाणतो. गाडीवर कर्ज आहे, हप्त्याची तारीख थांबत नाही, परतीची फेरी रिकामी येते, आणि भाडे टनामागे मिळते. एकाने जादा भरले तर त्याचा हप्ता निघतो. परंतु सर्वांनीच जादा भरले, म्हणजे टनामागचा दर उतरतो. मग जादा भरणे हा लाभ राहत नाही, ती सक्ती होऊन बसते. आणि फायदा जातो माल पाठविणाऱ्याकडे. पाटे तुटतात, टायर फुटतात, ते मात्र मालकाच्या खर्ची पडतात. हे चक्र एकट्या मालकास मोडता येणार नाही. पाचपन्नास मालक आणि त्यांना माल देणारे व्यापारी एका सभागृहात बसतात, तेथे ते मोडता येईल. आणि तसे सभागृह हेच आहे.

म्हणून आमची विनंती थोडकी आहे. ज्यांची अडत आहे, त्यांनी माल निघण्यापूर्वी गाडी काट्यावर चढवावी आणि काटापट्टीवरील आकडा बिल्टीवर लिहावा. शक्य तेथे भाडे टनावर न ठरविता फेरीवर ठरवावे. ज्यांचा ऊस कारखान्यास जातो, त्यांनी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांवर मोळ्यांचा डोंगर रचण्याचा आग्रह धरू नये. आणि मालकांनी आपल्या चालकास एवढा अधिकार द्यावा की, गाडी जास्त भरली आहे असे त्याने म्हटले तर त्याची मजुरी कापली जाणार नाही किंवा त्याची नोकरी जाणार नाही. मंडळाच्या कार्यकारिणीने हा शेवटचा मुद्दा ठरावरूपाने सभेपुढे मांडावा, अशी आमची सूचना आहे. ठराव एका ओळीचाच असेल; परंतु आपल्याच घरांतून जी मुले आज रात्री घाटाच्या रस्त्यावर असतील, त्यांच्या तो उपयोगी पडेल.