अड्डा आता खिशात आहे

(शिबिरातील भाषण)



दारूच्या दुकानाविरुद्ध लढताना आपल्याला दुकानाचं दार तरी सापडायचं. निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. पत्त्यांच्या क्लबात कोण किती वाजता शिरतो, हेही गल्लीला ठाऊक असायचं. मोबाईलवरच्या रमीला आणि पोकरला दारच नाही.

माझ्याकडे आलेली एक बाई म्हणाली, "ताई, नवरा घरातच असायचा. दारू नाही, भांडण नाही. पांघरुणात फोन घेऊन पडायचा. मला वाटलं, सुधारला." २०२० च्या टाळेबंदीत हे सुरू झालं. आधी शंभराचे डाव, मग पगार, मग तिचं गंठण, शेवटी बचत गटातून तिच्या नावावर उचललेलं कर्ज. हप्त्याचा तगादा तिच्यामागे लागला. आणि तिचं म्हणणं काय, तर "मलाच कसं कळलं नाही?"

रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं. त्याच्या आडोशाने कंपन्यांनी मोठा धंदा उभा केला. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत २० हजार कोटी रुपये हरतात, हा सरकारचाच अंदाज. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ते बरोबरच आहे. तुरुंगातला नवरा हप्ते फेडत नाही.

पण कायद्याने चटक जात नाही. परदेशातून चालणारे खेळ फोनवर येतच राहतील. आणि आपल्यातल्याही काही जणी खेळतात. घरी सांगायची सोय नसते, म्हणून त्या आपल्याकडे फार उशिरा येतात. त्यांना उपदेश करू नका.

तक्रार लिहिताना 'नवरा जुगारी आहे' एवढ्यावर थांबू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळही येतो. स्त्रीधन परस्पर विकणं, घरखर्च न देणं त्यात बसतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना बँकेचा खातेउतारा आणि दागिन्यांच्या पावत्या सोबत न्या.

गटात कर्ज मंजूर करताना पैसा कुणाच्या हाती जाणार, हे आपण विचारतो का? मी विचारलं, तेव्हा दोघी रागावून उठून गेल्या. त्या बाईचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत. तिला मुदत वाढवून द्यावी, असं आम्ही गटाला म्हणतो आहोत. सगळ्या तयार नाहीत.