पत्रिका जुळविताना

लग्न जमविताना आपण वधूवरांच्या पत्रिका पाहतो. संगणकाचे सुटे भाग जमवितानाही त्या पाहाव्या लागतात, हे मी लखनौस शिकलो.

कन्येच्या अभ्यासासाठी संगणक घरीच जुळवावा, या हौसेने मी लालबागेतील नाझा मार्केट गाठले. प्रोसेसर आणि मदरबोर्ड, दोन्ही एएम-५ सॉकेटचे घेतले. रॅम मात्र स्वस्त दिसली म्हणून डीडीआर-४ जातीची उचलली. घरी ती बोर्डात बसेना. मी अंगठ्याने जोर लावणार, तोच कन्येने हात धरला. "बाबा, थांबा! हा बोर्ड फक्त डीडीआर-५ घेतो. पुस्तिकेत लिहिले आहे." दोन्ही जातींच्या पट्ट्यांस संपर्कबिंदू २८८च, परंतु मधली खाच मुद्दाम निराळ्या जागी ठेवलेली. ती खाच आणि ती मुलगी नसती, तर माझ्या पगाराचा मोठा भाग त्या अंगठ्याखाली चिरडला असता.

तेव्हा क्रम उमगला. आधी काम ठरवावे, मग प्रोसेसर, मग त्याच सॉकेटचा बोर्ड, आणि बोर्ड सांगेल ती रॅम. ग्राफिक्स कार्डाची लांबी व कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, ते मोजावे. शेवटी साऱ्यांना लागणाऱ्या विजेची बेरीज करून त्याहून काहीशा अधिक वॅटचा एसएमपीएस घ्यावा.

कचेरीत जोडपत्र वाचल्यावाचून मी कशावरही सही करीत नाही. घरी मात्र पुस्तिका वाचली ती मुलीने! संगणक आता उत्तम चालतो. खरेदीची दुसरी यादी तिच्याच हस्ताक्षरात होती.