दूध तोडण्याची घाई नको



आज आपण अंगणवाडीच्या ओसरीवर जमलो आहोत. सप्टेंबर महिना चालू आहे. 2018 सालापासून हा महिना पोषण माह म्हणून पाळतात. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "गुरुजी, दोन शब्द बोला." विषयही त्यांनीच दिला. वर्षाच्या मुलाचे अंगावरचे दूध तोडावे का, आणि तोडायचे तर कसे, हा तो विषय.

हा बायकांचा विषय, यात मास्तराचे काय काम, असे कुणाच्या मनात येईल. पण आम्ही जन्मभर शाळेत मुले पाहिली. एखादे मूल पहिलीत येते आणि पाटीपुढे पेंगते. चार अक्षरे धरत नाही. त्याचे कारण पुष्कळदा पाच वर्षे मागे सापडते. जन्मल्यापासून पहिली दोन वर्षे मुलाचा मेंदू फार झपाट्याने वाढतो. त्या दिवसांत पोटाला कमी पडले, तर मास्तराने पुढे किती घोकून घेतले तरी ती तूट सहसा भरून येत नाही. म्हणून आम्ही बोलतो. आणि बाप्यांनो, तुम्हीही नीट ऐका. घरातला निर्णय काही एकट्या सुनेच्या हाती नसतो.

दसरा जवळ आला. आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरे आता ऊसतोडीला निघतील. मुकादमाची उचल घेतलेली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्या घरात वर्षाचे मूल आहे, त्या घरात बोलणे सुरू झाले आहे. सासू म्हणते, "आता वर्षाचं झालं की. दूध तोड, पोर माझ्यापाशी ठेव आणि जा." सून काही बोलत नाही. उचल फेडायची आहे, आणि लेकरूही सोडवत नाही.

मग होते काय? निघायला चार दिवस उरले की घाई होते. कुणी छातीला कडूलिंबाचा पाला वाटून लावते. कुणी कोरफड लावते. कुणी तर मिरची लावते. कुणी मुलाला एकदम आजोळी पाठवून देते. मूल दोन रात्री रडते, तिसऱ्या रात्री थकून गप्प होते. लोक म्हणतात, "तुटलं एकदाचं."

मंडळी, मूल गप्प झाले म्हणजे त्याचे पोट भरले असे नव्हे.

वर्ष झाले म्हणून दूध संपत नाही

पहिली गोष्ट ध्यानात धरा. पहिले सहा महिने मुलाला फक्त आईचे दूध द्यायचे. वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करायचे, आणि त्याबरोबर अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही चालू ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे हेच आहे आणि आपले सरकारी डॉक्टरही हेच सांगतात.

कुणी म्हणेल, "वर्षानंतर त्या दुधात काय सत्त्व राहतं? नुसतं पाणी!" हे खरे नव्हे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर जेवढी ताकद लागते, तिचा सुमारे तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. शिवाय रोगाशी झगडण्याचे बळ त्या दुधात असते. जुलाब झाले, ताप आला, की मूल जेवण टाकते, पण अंगावर पिते. त्या दिवसांत त्याला आधार त्याचाच.

पण तिसरा हिस्सा म्हणजे सगळे नव्हे. उरलेले दोन हिस्से ताटलीतून आले पाहिजेत. आपली खरी चूक इथेच होते. उष्टावण आपण हौसेने करतो. सोयरे बोलावतो, चांदीच्या वाटीत खीर देतो. दुसऱ्या दिवसापासून ती वाटी कुठे जाते? पुढे मुलाला डाळीचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज, नाहीतर चहात बुडवलेले बिस्किट मिळते. पाण्याने पोट फुगते, अंग भरत नाही. मग वर्षाच्या मुलाचे दूधही तुटले, तर त्याला दोन्हीकडून उपास.

एक जुनी गोष्ट

आफ्रिकेत आज घाना म्हणतात तो देश आहे. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई तिथे काम करत होत्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुले येत. पाय सुजलेले, केस तांबूस झालेले, कातडी सोललेली, चेहरा सदा किरकिरा. ही मुले बघता बघता दगावत. 1933 साली बाईंनी या आजाराविषयी लिहिले. 1935 साली त्यांनी त्याला तिथल्या आयाबायांनी ठेवलेले नावच दिले. ते नाव क्वाशिओरकर. त्याचा अर्थ, पुढचे मूल आले की आधीच्या मुलाला होणारा आजार.

पाहा, तिथल्या बायकांनी शाळा पाहिली नव्हती, पण नावातच कारण सांगितले होते. पाठचे भावंड आले, अंगावरचे दूध एकदम तुटले, आणि हाती आले नुसते पातळ पिठले. या आजाराला आणखीही कारणे असतात हे पुढे कळले. पण एवढे खरे, की दूध जाते आणि त्याच्या जागी कसदार अन्न येत नाही, तेव्हा मुलाच्या जिवाला धोका होतो.

आपल्याकडेही असे होते. मुलीच्या बाबतीत जास्त होते, हे सांगायला आम्हाला संकोच वाटतो, तरी सांगतो. मुलगी झाली की लवकर दूध तोडायचे, म्हणजे पुढचा दिवस लवकर जाईल आणि मुलगा होईल, असा हिशेब काही घरांत असतो. त्या हिशेबात मुलीच्या वाट्याचे दूध कापले जाते. लेक काय आणि लेक्या काय, भूक दोघांची सारखीच.

आणि दिवस गेले म्हणून आईचे दूध विषारी होत नाही. आईची तब्येत चांगली असेल, तिला पोटभर खायला मिळत असेल, तर ती पाजू शकते. मात्र पूर्वी गर्भ पडलेला असेल, किंवा अंगावर रक्त जात असेल, तर नर्सबाईंना आधी विचारावे. पाजत असताना दिवस जात नाहीत, असे समजूनही चालू नये. सहा महिन्यांनंतर त्याचा भरवसा धरता येत नाही. दोन मुलांत अंतर हवे, तर नर्सबाईंना विचारून साधन वापरावे.

बरोबर नेणार असाल तर

आता ऊसतोडीला जाणाऱ्या आयांनी ऐकावे. मूल बरोबर नेणार असाल, तर दूध मुळीच तोडू नका. फडावर आणि कोपीवर पाणी कसे मिळते, ते तुम्हाला माहीत आहे. तिथे स्वच्छ, ताजे आणि फुकट असे एकच अन्न आहे, ते तुमच्या अंगावर. पहाटे फडावर निघण्याआधी पाजा. दुपारच्या भाकरीच्या वेळी पाजा. रात्री जवळ घेऊन पाजा. तेवढ्याने मुलाला मोठा आधार होतो. बाटली मात्र नेऊ नका. बाटलीच्या बुचात घाण बसते, तिथे ती धुतली जात नाही, आणि जुलाब तिथूनच लागतात. आपल्या देशात 1992 साली कायदा झाला. त्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची आणि बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे. सरकारने उगीच बंदी घातली नाही. वाटी आणि चमचा बरा. धुवायला सोपा.

निघताना ताईंना सांगून जा. त्यांच्या मोबाईलमधल्या नोंदीत तुम्ही कुठे जाता ते लिहिता येते, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत मुलाची सोय होऊ शकते. लसीचे कार्ड बरोबर घ्या.

मागे ठेवणार असाल तर

मूल आजीपाशी ठेवायचेच असेल, तर आजपासून तयारीला लागा. तुम्ही वासराचे दूध कसे तोडता? वासरू आधी हिरवा पाला तोंडात घेते, मग वैरण चघळते, चारा खायला लागते, तेव्हा त्याचे दूध कमी होते. चारा खात नसलेल्या वासराला कुणी गाईपासून तोडत नाही. मग आपल्या लेकराला तोडताना घाई का?

आधी ताटली भरा. दूध मागाहून कमी करा.

वर्षाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोन वेळा थोडे खाणे लागते. एका वेळी पाऊण ते एक मोठी वाटी. अन्न घट्ट असावे. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये. डाळ-तांदळाची खिचडी मऊ करून तीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे. भाकरी वरणात नाहीतर दुधात कुस्करावी. शेंगदाण्याचे बारीक कूट आणि गूळ द्यावा. अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो घशात अडकतो. अंडे चालत असेल तर उकडून कुस्करून द्यावे. मेथी, पालक, भोपळा, पिकलेले केळे, पपई, जे दारी असेल ते द्यावे. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी जो शिधा मिळतो, तो त्याच मुलाच्या पोटात जाऊ द्या. तो सगळ्या घराने वाटून खायचा नसतो.

जेवणाआधी पाजू नये. पोट दुधाने भरले की मूल घास घेत नाही, आणि आपण म्हणतो, "पोर जेवतच नाही." आधी घास, मग दूध. भरवताना ओरडू नये, कोंबू नये. भरवणाऱ्याचे आणि मुलाचे हात साबणाने धुवावेत.

मूल जेवायला लागले की दूध कमी करा. मूल दिवसातून पाच वेळा पीत असेल, तर एक वेळ बंद करावी. दुपारची आधी. त्या वेळी आजीने खाऊ द्यावा, बाहेर फिरवून आणावे. पाच-सात दिवस असे गेले की दुसरी वेळ बंद करावी. झोपतानाची वेळ सगळ्यात शेवटी सोडावी, कारण त्या वेळी मुलाला दुधाइतकीच आईची ऊब हवी असते. रात्री बापाने खांद्यावर घ्यावे, थोपटावे. बापाचा खांदाही खांदाच आहे. अशा रीतीने पाच-सहा आठवड्यांत दूध सुटते, आणि आजीच्या हातून जेवायची सवयही लागते.

मूल आजारी असेल, जुलाब होत असतील, तर तेवढे दिवस थांबावे. कडू किंवा तिखट काही लावू नये. मिरचीने मुलाचे तोंड भाजते, आणि ज्या जागी त्याचा सगळा विश्वास, तिथेच त्याला दगा बसतो.

एकदम तोडले तर आईलाही त्रास होतो. छाती दगडासारखी होते, दूध साकळते, ताप येतो, कधी गळू होते. हळूहळू कमी केले तर दूध आपोआप आटते. छाती दाटली तर दुखणे कमी होईल इतकेच हाताने पिळून टाकावे, गार पाण्याची घडी ठेवावी. फडक्याने करकचून बांधू नये. ताप आला, लाल गाठ आली, तर दवाखाना गाठावा.

आजीबाईंना दोन शब्द

आता आजीबाईंना विनंती. सून निघून गेली की तुमच्यावर मोठी जबाबदारी येते. दूध सुटलेल्या मुलाला वरचे दूध लागेल. उकळलेले गाईचे किंवा म्हशीचे दूध दिवसाला दोन कप पुरे. पाणी घालून वाढवू नये. अर्धा लिटरच्या वर देऊ नये, नाहीतर ते जेवत नाही आणि अंगातले रक्त कमी होते. चहा देऊ नये. दर महिन्याला मुलाला अंगणवाडीत नेऊन वजन करावे. ताई दंडाला पट्टी लावतात. ती हिरव्यावर आली तर ठीक. पिवळ्यावर आली तर ताटलीकडे लक्ष द्या. तांबड्यावर आली, किंवा दोन्ही पाय सुजले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नवस, अंगारा नंतर.

आणि घरोघरच्या कर्त्या पुरुषांनो, उचल घेताना आपण पैशांचा हिशेब करतो. त्याच वेळी मुलाचाही हिशेब करा. मूल कुणापाशी राहील, काय खाईल, त्याला दूध कुठून येईल, या खर्चाला किती पैसे मागे ठेवायचे, हे निघायच्या आदल्या रात्री ठरवण्याचे काम नाही. ते आज ठरवा. दसऱ्याला अजून अवकाश आहे.

ज्या आईला जायचे नाही, जिचे मूल तिच्यापाशीच आहे, तिने वर्ष झाले म्हणून कुणाच्या बोलण्यावरून दूध तोडू नये. ताटली भरावी आणि पाजत राहावे.

कुणाला काही विचारायचे असेल तर ताई इथेच आहेत, नर्सबाईही आल्या आहेत. लाजू नका, विचारा.