म्हैस पाहून घेतो, मग कॉलेज का नाही?

(दहावी-बारावी गुणवंतांच्या सत्काराच्या वेळी सोसायटीच्या प्रांगणात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, ‘काका, दहा मिनिटं बोला, मुलांना मार्गदर्शन करा.’ मार्गदर्शन हा शब्द मोठा आहे. मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणं पाहिली. त्यामुळे मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे पाहणी. आज तेवढंच बोलतो.

आमच्याकडे शेतकरी म्हशीसाठी कर्ज मागायला आला की आम्ही नुसता अर्ज वाचून मंजुरी देत नव्हतो. गावात जायचं, गोठा बघायचा, कडब्याची सोय बघायची, पाणी कुठून येतं ते विचारायचं. म्हैस घेतल्यावर परत जायचं आणि तिच्या कानातला बिल्ला वहीतल्या नंबराशी ताडून बघायचा. विहिरीचं कर्ज असेल तर विहिरीच्या काठावर उभं राहून आत डोकावायचं. या कामासाठी आपल्या जिल्ह्यातली किती खेडी मी मोटारसायकलवर पालथी घातली, त्याचा हिशेब नाही.

2001 साली बँकांमध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. चार लाखांपर्यंत पदरचे पैसे घालायची अट नाही आणि तारण नाही. चांगली योजना होती, खेड्यातली कितीतरी पोरं तिच्यावर शिकली. माझ्या निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली असतील, तेव्हा जिल्ह्यातल्याच एका गावचे एक शेतकरी मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज मागायला आले. कॉलेज बाहेरच्या जिल्ह्यातलं होतं. प्रवेशाचं पत्र होतं, फीचा तक्ता होता, रंगीत माहितीपुस्तक होतं. त्यात मोठी इमारत, कॉम्प्युटरपुढे बसलेली मुलं. कागदात काही खोट नव्हती. मी सही केली.

दीड वर्षानं मुलगा घरी परत आला. प्रयोगशाळेला बहुतेक दिवस कुलूप, शिकवणारे सहा महिन्यांत बदलणारे, वसतिगृह म्हणून दाखवलेली इमारत भलत्याच कोणाची. दोन वर्षांची फी गेली आणि कर्ज मात्र उभं राहिलं. वडिलांनी बैलजोडी विकून काही हप्ते भरले. पैसे भरायला आले तेव्हा ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. पावती घडी घालून खिशात ठेवत एवढंच म्हणाले, “सायेब, म्हैस घेतली तवा तुमी गोठ्यात येऊन तिचे दात बघितले. पोराचं कॉलेज बघाया कोण गेलं?”

मला उत्तर देता आलं नाही. नियमाप्रमाणे कॉलेज बघायला जाणं माझं काम नव्हतं. पण ‘प्रवेश घेण्याआधी बापलेक एकदा जाऊन या’ एवढं वाक्य बोलायला नियमाची गरज नव्हती. ते मी बोललो नाही. म्हणून आज तुमच्यापुढे बोलतो आहे.

आपल्या भागात शिकायला बाहेर जाणं नवीन नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, 1918 साली निघालेलं. आपलं मराठवाडा विद्यापीठ 1958 साली झालं, तेव्हा वाट थोडी जवळ आली. 1994 ला त्याचा नामविस्तार झाला. 2004 साली त्याचं उपकेंद्र इथं धाराशिवलाच आलं. आमच्या पिढीला निवडायला फारसं काही नव्हतं, म्हणून बघायचा प्रश्नही नव्हता. तुमच्यापुढे आता शंभर नावं आहेत. मोबाईलवर सगळीच इमारत सुंदर दिसते. म्हणून बघून येण्याची गरज तुम्हाला जास्त आहे.

आता पाहणी कशी करायची ते सांगतो.

पहिलं, निघण्याआधीचा गृहपाठ. संस्था मान्यताप्राप्त आहे का ते बघा. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः जाहीर करते. नॅकची श्रेणी असेल तर ती कोणत्या वर्षी मिळाली आणि मुदत संपली का, हे बघा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्या वर्षाचा मंजूर आकडा लिहून घ्या. मग फोन करून कामाचा दिवस ठरवा. रविवारी, परीक्षेत किंवा दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर फक्त भिंती बघून याल.

दुसरं, तिथे गेल्यावर आधी प्रवेशाच्या खिडकीवर जाऊ नका, आधी विभागात जा. प्रयोगशाळेत यंत्र आहे का एवढं बघून भागत नाही, ते वापरात आहे का ते बघा. वापराची नोंदवही असते, तिच्यातली शेवटची तारीख बघा. आम्ही बँकेत हेच करायचो. ग्रंथालयात तुमच्या विषयाचं पुस्तक काढून बघा, ते शेवटचं कधी बाहेर गेलं होतं. नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक या वर्षीचं आहे की मागच्या, तेही बघा.

तिसरं, मुलांशी बोला. तुम्हाला फिरवून दाखवायला दिलेल्या मुलांशी बोलाच, पण कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी जास्त बोला. ‘कॉलेज चांगलं आहे का?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘मागच्या आठवड्यात किती तास झाले?’ असं विचारा. ‘कायमचे शिक्षक किती?’ असं विचारा. नोकरीचं विचाराल तेव्हा सगळ्यात मोठा पगार विचारू नका, तो एकालाच मिळालेला असतो. वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, ते विचारा.

चौथं, वसतिगृह. खोली दाखवतात, तुम्ही संडास-बाथरूम बघा. पाणी किती वेळ येतं, मेसमध्ये जेवण काय, रात्री रस्त्यावर दिवे असतात का, शेवटची बस किती वाजता. रॅगिंगविरोधी समिती असणं यूजीसीच्या 2009 च्या नियमानं बंधनकारक आहे, तिचे फोन नंबर कुठे लावलेत ते विचारा. मुलींनी हे प्रश्न मुलींनाच विचारावेत, बाबांनी त्या वेळी लांब उभं राहावं.

पाचवं, पैसा. एका वर्षाची फी नको, पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कागदावर मांडा. वसतिगृह, मेस, परीक्षा फी, येण्या-जाण्याचं भाडं, सगळं. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते, पण ती हातात येईपर्यंतचा खर्च कोण करणार, हे आधी ठरवा. आणि एक हात जोडून सांगतो. ‘आजच जागा पक्की करा, दहा हजार भरा’ असं कोणी म्हणालं तर भरू नका. घरी या, झोपा, मग ठरवा. मूळ कागदपत्रं पडताळणीसाठी दाखवायची असतात, संस्थेनं ती ठेवून घ्यायची नसतात. यूजीसीनं हे स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता माझी फजिती सांगतो. गेल्या वर्षी नातीला एम.एस्सी.साठी विद्यापीठ बघायला छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेलो. एसटीत ज्येष्ठ नागरिक म्हणून माझं अर्धं तिकीट, महिला म्हणून तिचं अर्धं. दोघांत मिळून एकाच तिकिटात गेलो. विद्यापीठाची ती कमान, मागे लेण्यांचे डोंगर, सातशे एकरांवर पसरलेला परिसर, मी हरखून गेलो. विभागात पोचलो आणि सरांना प्रश्न विचारायला लागलो, ते मीच. पाच-सहा प्रश्न झाले. सर माझ्याकडेच बघून उत्तरं देत होते. नात हळूच म्हणाली, “आबा, तुम्ही बाहेर झाडाखाली बसता का? शिकायचं मला आहे.”

मी उठलो. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या वहीची दोन पानं भरलेली होती. त्यातले निम्मे प्रश्न मला सुचलेही नसते. प्रकल्पासाठी मार्गदर्शक कसा ठरतो, संध्याकाळी प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, मागच्या वर्षीचे विद्यार्थी पुढे कुठे गेले. येताना बीडपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. पालकांनो, एवढं एक माझ्या अनुभवातून घ्या. सोबत जा, पैशाचं आणि राहण्याचं बघा, पण विभागात तोंड बंद ठेवा. आणि मुलांनो, त्याच रात्री सगळं लिहून काढा. दोन-तीन कॉलेजं बघितली की कुठलं ग्रंथालय कुठलं, याचा घोळ होतो.

काही जण म्हणतील, काका, पुण्या-मुंबईला तीन कॉलेजं बघायची म्हणजे रजा गेली, पैसा गेला. खरं आहे. मग आधी रंगीत तालीम इथेच करा. आपलं उपकेंद्र गावातच आहे. तुळजापूरला आपसिंगा रोडवर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, देशभरातली मुलं तिथे शिकायला येतात आणि आपण मात्र देवीचं दर्शन घेऊन परत फिरतो. परवानगी घेऊन एक दिवस तिथे जा, मुलांशी बोला. प्रवेश तिथे घ्यायचा नसला तरी कुठे काय बघायचं, याची नजर तयार होते. मग लांबचं एकच कॉलेज बघायला गेलात तरी पुष्कळ.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. आपण सोसायटीच्या ऑफिसात एक वही ठेवू. जे घर कॉलेज बघून येईल त्यानं एक पान लिहायचं. तारीख, काय बघितलं, काय विचारलं, किती खर्च आला. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पान कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा उपयोगी पडेल. वहीचं पहिलं पान नातीनं लिहून दिलं आहे, ते मी सोबत आणलं आहे. आणि ज्या मुलांच्या आई-वडिलांना रजा मिळत नाही, त्यांच्याबरोबर जायला आम्ही तीन-चार निवृत्त मंडळी मोकळीच आहोत. आमचं तिकीटही स्वस्त आहे. फक्त विभागात गेल्यावर आम्हाला झाडाखाली बसवा.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या सोसायटीतल्या एकाही बापाला तो प्रश्न विचारावा लागू नये, एवढीच इच्छा.

सर्व गुणवंतांचं मनापासून अभिनंदन.