क्लच दुरुस्त, पण ब्रेक मऊ?



क्लच घरीच दुरुस्त केलात,
आणि आता ब्रेकचं पेडल मऊ लागतंय?
मग गाडी लालबाग-परळच्या गर्दीत नेऊ नका.

पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या तेलाची टाकी एकच असते.
क्लचची हवा काढताना टाकीतलं तेल उतरतं.
ते फार उतरलं, की ब्रेकच्या नळीत हवा शिरते.
तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते.
म्हणून पेडल खोल जातं.

आधी तेलाची पातळी पाहा.
झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल भरा,
तेही नव्या, बंद बाटलीतलं.
मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा.
एबीएसच्या काही गाड्यांना त्यासाठी गॅरेजमधलं यंत्र लागतं.

पुन्हा सांगते,
पेडल कडक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.
मेकॅनिकलाच घरी बोलवा.